दोन किलो गहू जास्तीचा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही बुद्धिबळाच्या पटावर राजाकडून मागितलेल्या गव्हाची गोष्ट छापली, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, मग चार, असं चौसष्ट घरं डबल करत जायचं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमच्या गावातले पोट्टे पट मांडूनच बसलेले असतात, त्यामुळे गोष्ट सगळ्यांनी वाचली. पण एकूण दाणे तुम्ही दिले 18446744073709600000. शेवटी पाच शून्यं पाहूनच मला शंका आली न बाप्पा.

दोनाला दोननं गुणत गेलं की शेवटचा आकडा 2, 4, 8, 6 असाच फिरत राहते, शून्य कधी येतच नाही. चौसष्टाव्या वेळी 6 येते आणि सगळ्या दाण्यांची बेरीज त्याच्याहून एकनं कमी, म्हणजे शेवटी 5 च पाहिजे. खरा आकडा आहे 18446744073709551615. एक्सेल पंधराच आकडे ठेवते न बाकी ठिकाणी शून्यं टाकून देते, तुमचं बी तेच झालं असंल.

फरक 48,385 दाण्यांचा. माझं किराणा दुकान आहे, म्हणून लोकवनचे हजार दाणे पेपरवर मोजून काट्यावर टाकले तर 40 ग्रॅम भरले, म्हणजे तुम्ही राजाकडून जवळपास दोन किलो गहू जास्तीचा घेतला. अख्ख्या पटाला या हिशोबानं 73 हजार कोटी टनाच्या वर गहू लागते, आपल्या देशात वर्षाला साधारण 11 कोटी टन पिकते, त्याच्यात दोन किलोचं काय घेऊन बसलात असं म्हणाल. माझं गिऱ्हाईक तसं म्हणत नाही.

वजनाचं जाऊ द्या, पण त्या आकड्याची मजाच गेली. खऱ्या आकड्यातल्या अंकांची बेरीज 87, म्हणून 3 नं भाग जाते, तुमच्यात 1 बाकी उरते. शाळेतलं अ वर्ग वजा ब वर्ग लावत गेलं की खरा आकडा फुटत फुटत 3, 5, 17, 257, 65537 आणि 4294967297 यांचा गुणाकार निघते, दोनाचा 1, 2, 4, 8, 16 आणि 32 वा घात घ्या न प्रत्येकात एक मिळवा, झालं. फर्मा नावाच्या गणितज्ञाला वाटे असे सगळेच आकडे मूळ संख्या असतील, पण ऑयलर नावाच्या दुसऱ्या गणितज्ञानं 1732 मध्ये यातला शेवटचा फोडून दाखवला, 641 गुणिले 6700417. मी हा गुणाकार बिलबुकाच्या मागं केला, दोनदा चुकला (मधातच गिऱ्हाईक येते), तिसऱ्यांदा बरोबर आला.

तेव्हा दुरुस्ती छापा, वीसच्या वीस आकडे. शेजारच्या पोट्ट्यानं तुमचा आकडा लाल पेनानं वहीत उतरवला होता, तो खोडून खाली एक ओळ सोडून ठेवली आहे त्यानं, म्हणते पेपरात आलं की लिहीन.

एक किराणा दुकानदार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ