चेस्टरफिल्डचा पिळलेला सुळका

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, चर्चच्या पिळलेल्या सुळक्याचा फोटो बघून तुम्ही म्हणालात, "ओलं लाकूड वापरलं असणार, म्हणून वाकडा झाला." अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

इंग्लंडातल्या डर्बीशायरमधल्या चेस्टरफिल्डचं हे सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्च, बरंचसं चौदाव्या शतकातलं. खालचा दगडी मनोरा सरळ आहे. वाकडा झालाय तो त्याच्यावरचा लाकडी सुळका, साधारण 1362 सालचा. टोक जमिनीपासून 228 फुटांवर. सुळक्याला 45 अंशांचा पीळ पडलाय आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट सरकलंय.

ओकचं ओलं लाकूड वापरणं ही तेव्हा चूक नव्हती, रीतच होती. वाळलेलं ओक इतकं टणक होतं की पटाशीनं खाच पाडताना सुताराचा घाम निघतो, आणि जाड तुळई गाभ्यापर्यंत वाळायला वर्षं जातात. म्हणून ओल्यातच सांधे करायचे, चढवायचं आणि जागेवर वाळू द्यायचं. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं. (आई, आपलं दार पावसाळ्यात रुंदीतच फुगतं ना, त्याचंच उलटं.) त्यातही वर्षवलयांच्या वळणानं जेवढं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. या फरकानं तुळई पीळ खाते. तो पीळ अडवायचं काम तिरप्या आधारांचं. चौकटीत त्रिकोण झाला की ती हलत नाही. इथे तेच कमी पडले. 1348-49 च्या प्लेगात जाणते कारागीर गेले म्हणून असं झालं, असं सांगतात. मला ते जरा सोयीचं उत्तर वाटतं.

त्यावर शिशाचे पत्रे, सुमारे 33 टन. वजन तर आहेच, पण खरा त्रास उन्हाचा. इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं. 1 मीटर लांबीचा पत्रा 40 अंशांनी तापला की जवळपास 1.2 मिलिमीटर वाढतो. उत्तरेकडचा पत्रा मात्र थंडच. शिसं मऊ, त्यामुळे रात्री गार झालं तरी पुरतं जागेवर येत नाही. एका बाजूची ही ओढ शतकानुशतकं चालू आहे.

पीळ डोळ्यांना आहे त्याहून जास्त वाटतो, कारण पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरके बसवलेत. सुळक्याला पैलू आठच, पण प्रत्येकाच्या मधोमध पन्हळ असल्याचा भास होतो.

डिसेंबर 1961 मध्ये चर्चला आग लागली, 1756 सालचा ऑर्गन जळाला. शिसं 327 अंशांना वितळतं आणि आत सहाशे वर्षं वाळलेलं लाकूड. तरी सुळका वाचला.

आई, गावातली गोष्ट वेगळीच: लग्नाला आलेली कुमारिका बघायला सुळका वळला म्हणे, तशी दुसरी आली की सरळ होईल!

सोबत तीन बाजूंनी काढलेले फोटो आहेत. एकात तो जवळजवळ सरळ दिसेल; तिथे कल कॅमेऱ्याच्या दिशेनं आहे.

तुमची लेक