बनवशील ते दुरुस्त होईल असं बनव

सावंतवाडी

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. विभागाकडून मायक्रोस्कोपला पैसे मिळाले नाहीत आणि तुम्ही तिघांनी ओपनफ्लेक्शर, म्हणजे तो थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा मायक्रोस्कोप, स्वतः छापून जोडायचं ठरवलंत, हे ऐकून मला खरंच फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी मलेरियाच्या स्लाइड बघण्यात गेली. त्यामुळे या कामात माझं चार शब्दांचं ऐकून घे.

किती स्वस्त पडतं हे तू दोन-तीनदा सांगितलंस. स्वस्त हवंच. पण मशीन महाग असल्याचा जेवढा त्रास आम्हाला झाला, त्याहून जास्त ते बंद पडल्यावर झाला. आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा एक सेमी-ऑटो अॅनालायझर होता. त्यातली रबराची पंपनळी विरली. नळी ती केवढीशी! पण ती फक्त कंपनीकडूनच मिळणार, आणि ती बसवल्यावर सर्व्हिस मेनू उघडायला कंपनीचाच पासवर्ड लागणार. माणूस येईपर्यंत पेशंट बाहेरून तपासण्या करून आणत होते, मोलमजुरी करणारी माणसं. तेव्हाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. २०११ मध्ये पेरी आणि मॅल्किन या दोघांनी १६ देशांतल्या १,१२,०४० वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद होती. त्यांनी सांगितलेल्या कारणांत प्रशिक्षण आणि व्यवस्थापन नसणं वरच्या क्रमांकावर आहे.

म्हणून मला तुझ्या मायक्रोस्कोपचं कौतुक आहे ते त्याचे आराखडे उघडे आहेत याचं. त्यांना लागू असलेला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा मुक्त हार्डवेअर परवाना म्हणतो की बनवा, बदला, विका, पण बदल करून वाटलंत तर तो बदलही उघड ठेवा. केंब्रिज आणि बाथमध्ये रिचर्ड बोमन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम सुरू केलं, आणि टांझानियात दार-ए-सलामला तिथल्याच लोकांनी ते मायक्रोस्कोप बनवले. तिथल्याच इफाकारा हेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये मलेरियाच्या स्लाइडवर ते वापरले गेले. बिघडलं तर विचारायला माणूस त्याच गावात आहे, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

आता त्याच्या रचनेबद्दल. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपचा फाइन नॉब झिजला की प्ले यायचा; नॉब फिरवला तरी थोडा वेळ काहीच हलायचं नाही आणि मग एकदम फोकस पळायचा. ऑइल इमर्शनला, म्हणजे स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून सगळ्यात मोठ्या लेन्सने बघताना, हे चालत नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची रिंग तिच्या पाचव्या हिश्शाएवढी, आणि १०० एक्सला, म्हणजे शंभरपट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला, स्पष्ट दिसणारा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ. तुमच्या यंत्रात घसरणारा भागच नाही. डब्याचं झाकण जसं पातळ पट्टीवर उघडतं-मिटतं, तशा अंगातच छापलेल्या पट्ट्या वाकतात. मोटर स्क्रू फिरवते, तरफ ती हालचाल आणखी बारीक करते, आणि एक पाऊल ०.१ मायक्रोमीटरहूनही कमी पडतं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

पण छपाईचं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या जीपमध्ये खोकं ठेवायचं नाही, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिही. आणि तेल पुसायला आम्ही झायलीन हे द्रावक वापरायचो. छापलेल्या तुकड्यावर आधी लावून बघ, मगच लोकांना सांग. लेन्स मात्र छापायच्या फंदात पडू नकोस, चांगला १०० एक्स ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स) विकतच घे. कोकणात लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलची पुडी आणि घट्ट झाकणाचा डबा याचाही खर्च यादीत धर.

तू पाठवलेल्या फोटोत मला एक गोष्ट खटकली. मधल्या भागात रंग छान आहेत, कडेला सगळं फिकट आहे. रास्पबेरी पाय या तुमच्या छोट्या कॉम्प्युटरचा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या छोट्या लेन्सला धरून बनवलेला असतो. ती काढून मायक्रोस्कोपवर लावला की कडेचा प्रकाशही कमी होतो आणि रंगही विटतात. नुसता उजेड सारखा करून भागत नाही. मलेरियाच्या स्लाइड रंगवायच्या जेएसबी स्टेनमध्ये परजीवीचं केंद्रक लाल आणि भोवतालचा भाग निळा दिसतो, त्या लाल ठिपक्यावरच आमची सगळी भिस्त. तो कडेला राखाडी दिसला तर टेक्निशियन त्याला रंगाचा कण समजून पुढे जाईल. बोमन यांच्या गटाने २०२० मध्ये याच दुरुस्तीवर सविस्तर लेख लिहिलाय, तो काढून वाच.

मोजमाप स्टेज मायक्रोमीटरवरच, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवरच, कर, अंदाजाने नको. नंतर माहीत असलेल्या स्लाइड घे, लेबलं झाक, आणि तुमच्या यंत्रावर एकाने व चांगल्या जुन्या मायक्रोस्कोपवर दुसऱ्याने वाचाव्यात. थिक स्मिअरची (रक्ताच्या जाड थराची) १०० फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे १०० भाग, बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, हा आमचा नियम तुमच्या यंत्रालाही लागू. संशोधनाला वापरणं वेगळं आणि पेशंटच्या हातात रिपोर्ट देणं वेगळं. त्यासाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि ते अडचण म्हणून बघू नकोस.

तू सांगितलेल्या कागदी सेंट्रिफ्यूजबद्दलही, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या यंत्राबद्दल, मी वाचलं. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये दोऱ्यावरच्या भिंगरीपासून ते केलं. किंमत २० सेंट, मिनिटाला १,२५,००० पर्यंत फेरे, दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा. वीज नसलेल्या उपकेंद्रात काम केलेल्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण ते फाटलं की दुसरं करायचं. तुझा मायक्रोस्कोप टेबलावर वर्षानुवर्षं राहणार, म्हणून दुरुस्तीची पानं जोडणीच्या पानांपेक्षा जास्त असू देत. कुठला ओ-रिंग, कुठल्या मापाचा स्क्रू, कुठला भाग आधी तुटतो, आणि तो सावंतवाडीच्या दुकानात मिळेल का, हे सगळं. शक्य तर मराठीतही.

पुण्यात आहेस तर पाबळच्या विज्ञान आश्रमात एकदा जाऊन ये. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू बनवून बघता येईल अशी कार्यशाळा, २००२ मध्ये तिथे सुरू झाली. गावातली मुलं तिथे हत्यारं कशी हाताळतात ते बघ.

गणपतीला येताना सगळे भाग सुटे छापून आण. ते मी जोडेन, फक्त तुझी पुस्तिका वाचून. तू शेजारी बसायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मी जिथे अडेन तिथे पेन्सिलने खूण करीन, आणि परत जाण्याआधी ती पानं तू नव्याने लिहायचीस.

तुझी,
आई