कालाकमुलच्या वाटेवरच्या काका-काकूंचे आभार
मेक्सिकोत 186 क्रमांकाचा महामार्ग सोडला की कालाकमुलच्या माया अवशेषांपर्यंत 60 किलोमीटर जंगलच. ना पंप, ना रेंज. परतताना मागचं टायर बसलं. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही! (गाडी भाड्याने घेतानाच ती तपासायला हवी.) मागून आलेल्या पिकअपमधले काका-काकू हात न करताच थांबले. काकांनी जॅक चढवण्याआधी नट सैल केले, मऊ मातीत तो रुतू नये म्हणून खाली फळी सरकवली, बारीक स्टेपनीत 12 व्होल्टच्या पंपाने 60 पीएसआय हवा भरली आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. गवतात हरवू नयेत म्हणून काकूंनी सगळे नट स्वतःच्या हॅटमध्ये धरले होते. पैसे घेतले नाहीत. महामार्ग लागेपर्यंत मात्र आमच्या मागेच राहिले. मुचास ग्रासियास, काका-काकू!