रॉयल्टीच्या हिशेबातील चुका आणि अडवून ठेवलेला दुसरा अल्बम : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
रॉयल्टी व करार विभाग
(प्रत : ए अँड आर, म्हणजे कलाकार व गाणी निवडणारा विभाग)

विषय : जानेवारी ते जून या सहामाहीच्या हिशेबपत्रकातील चुकीच्या कपाती, बदललेले आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचे ओळख) क्रमांक आणि दुसऱ्या अल्बमच्या प्रकाशनातील दिरंगाई

महोदय,

आमच्या बँडचे सहामाहीचे रॉयल्टीचे हिशेबपत्रक तुमच्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून मिळाले. कराराची कलमे शेजारी ठेवून आम्ही ते ओळ न् ओळ तपासले. चुका अनेक आहेत आणि प्रत्येक चुकीत रक्कम आमच्या खात्यातून तुमच्या खात्याकडेच सरकली आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत मोठी चूक वेष्टन कपातीची. आमचा रॉयल्टीचा दर १८ टक्के आहे. त्यातून २५ टक्के वेष्टन कपात करण्याची मुभा करार तुम्हाला देतो, पण फक्त सीडी आणि रेकॉर्डच्या विक्रीवर, कारण तिथे पुठ्ठा, छपाई आणि डबीचा खर्च असतो. पत्रकात हीच कपात स्ट्रीमिंगच्या प्रत्येक ओळीला लावली आहे. त्यामुळे १८ चे १३.५ टक्के झाले. शिवाय रेकॉर्डच्या विक्रीवर १० टक्के ‘तूटफूट’ दाखवली आहे. ही कपात लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटत त्या काळातली आहे आणि आमच्या करारात ती कुठेही नाही.

साडेचार टक्क्यांनी काय बिघडते ते पाहा. आम्हाला दिलेली उचल आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च मिळून १०० धरू. ही रक्कम एकूण उत्पन्नातून नव्हे, फक्त आमच्या हिश्शातून वळती होते. म्हणजे १८ टक्के दराने ती फिटायला कंपनीकडे सुमारे ५५६ जमा व्हावे लागतात. १३.५ टक्के दराने तोच आकडा ७४१ होतो. कंपनीने घातलेले १०० पहिल्या १०० मध्येच परत आलेले असतात, तरी पुढे कितीतरी काळ आमच्या नावावर बाकी दिसत राहते. ही पद्धत आम्ही सही करताना मान्य केली आहे आणि तिच्याबद्दल आज तक्रार नाही. तक्रार आहे ती मान्य केलेल्या दराला परस्पर लावलेल्या कात्रीची.

व्हिडिओचा खर्च करारानुसार निम्मा वळती व्हायला हवा. पत्रकात तो पूर्ण लावला आहे, आणि त्याच व्हिडिओच्या संपादनाचे बिल ‘प्रसिद्धी’ या सदरात पुन्हा आले आहे. प्रसिद्धीचा खर्च तर कंपनीनेच सोसायचा आहे.

पहिल्या अल्बमची उचल फिटून आमची रक्कम येणे होती. ती दुसऱ्या अल्बमच्या बाकीत जिरवली आहे. दोन्ही अल्बमची खाती स्वतंत्र राहतील, असे करारात स्पष्ट लिहिलेले असताना हे कुणाच्या मंजुरीने झाले? खाती एकत्र केली की चाललेल्या अल्बमची कमाई न चाललेल्याच्या, आणि आमच्या बाबतीत तर अजून बाजारातच न आणलेल्याच्या पोटात जाते.

चित्रपटासाठी दिलेल्या गाण्याचे उत्पन्न ‘विक्री’ या रकान्यात टाकून त्यावरही १८ टक्केच दिले आहेत. तो परवाना आहे आणि परवान्याच्या उत्पन्नात निम्मा वाटा आमचा आहे. हा फरक शब्दांचा खेळ नव्हे. अमेरिकी रॅपर एमिनेमच्या ध्वनिमुद्रणांवरून झालेल्या दाव्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१० मध्ये डाउनलोडचे उत्पन्नसुद्धा त्या करारातल्या परवान्याच्या कलमाखाली, म्हणजे ५० टक्क्यांत धरले होते. आमच्या बाबतीत तर अर्थ लावण्याचाही प्रश्न नाही, कारण कलमात ‘चित्रपट’ हा शब्दच आहे.

आता आयएसआरसी. पैशांची चूक पुढच्या पत्रकात दुरुस्त होते, ही चूक मात्र दर दिवशी वाढत जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांचा एक कायमचा क्रमांक असतो : दोन अक्षरे पूर्वपदाची, तीन नोंदणीदाराची, दोन आकडे वर्षाचे आणि पाच त्या ध्वनिमुद्रणाचे. वितरक बदलला तरी क्रमांक बदलायचा नसतो. नवे मिश्रण किंवा रीमास्टर असेल तरच नवा क्रमांक. तुम्ही वितरक बदलताना पहिल्या अल्बमची तीच ध्वनिमुद्रणे नवे क्रमांक देऊन चढवली आणि जुनी काढून टाकली. परिणामी ऐकल्याचे आकडे शून्यावर आले आणि श्रोत्यांच्या प्लेलिस्टमध्ये त्या जागी आज करड्या, न वाजणाऱ्या ओळी दिसतात. एका गाण्याच्या शीर्षकात शेवटी चुकून एक मोकळी जागाही राहिली आहे, तेवढ्याने जुळणी अडू शकते. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे गाण्याच्या रचनेची (शब्द आणि चाल) नोंद जुन्या क्रमांकाशी जोडलेली आहे. नवा क्रमांक तिथे जुळला नाही की ते पैसे ‘न जुळलेले’ म्हणून पडून राहतात आणि मुदत संपली की इतरांत वाटले जातात.

उपाय अवघड नाही. जुने क्रमांक, तीच ध्वनिफीत, तीच लांबी आणि तेच शीर्षक घेऊन पुन्हा चढवा, दोन्ही नोंदी जोडायची विनंती स्ट्रीमिंगच्या मंचांना पाठवा आणि जोडणी झाल्यावरच नव्या नोंदी उतरवा. आधी उतरवल्या तर गाणी मधले काही दिवस गायब होतील.

याच नोंदींत वादकांची नावे भरलेली नाहीत. मुख्य कलाकार सोडून सगळे रकाने कोरे आहेत. अनेक देशांत प्रक्षेपणाच्या मोबदल्याचा हिस्सा वादकांनाही मिळतो, पण ध्वनिमुद्रणात कोण वाजवत होते हे नोंदलेले असेल तरच. तीन गाण्यांत बासरी वाजवणाऱ्या पाहुण्या कलाकाराला एकरकमी मानधनापलीकडे मिळू शकणारे हेच उत्पन्न आहे, आणि ते एका कोऱ्या रकान्यामुळे बुडते आहे. कोणी काय वाजवले हे नोंदवणारे स्टुडिओचे स्वाक्षरी केलेले सत्रपत्रक ध्वनिमुद्रणाच्या वेळीच तुमच्याकडे दिले होते.

दुसऱ्या अल्बमचे मास्टर (अंतिम मूळ ध्वनिमुद्रणे) सुपूर्द होऊन आठ महिने झाले. ३० दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते स्वीकारले असे करार मानतो. हरकत आली नाही, तारीखही आली नाही, घोंगडे भिजतच पडले आहे. कराराच्या काळात आम्ही दुसऱ्या कुणासाठी ध्वनिमुद्रण करू शकत नाही, त्यामुळे हे महिने कलाकार म्हणून आम्ही गप्प आहोत. कार्यक्रमांचे आयोजक पहिला प्रश्न ‘नवे काय?’ असाच विचारतात. मागचे एकल गाणे प्रकाशनाच्या दोन दिवस आधी चढवले गेले. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायला किमान सात दिवस आधी ते तिथे असावे लागते, आणि नीट काम करायचे तर चार आठवडे तरी हवेत. ती संधी आपल्याच हाताने गेली.

सुधारित कराराच्या मसुद्यात तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावर वीस वर्षांची बंदी घातली आहे. २०१९ मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर विकले गेले आणि तिने २०२१ पासून त्यांतले अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रकाशित करायला सुरुवात केली, त्यानंतर कंपन्या हे कलम लांबवू लागल्या आहेत. सध्याच्या करारात प्रकाशनापासून पाच वर्षे आहेत. ती आम्हाला मान्य आहेत, वीस नाहीत.

हे लिहिताना कंपनीने चांगले केलेले काम आम्ही विसरलेलो नाही. पहिल्या अल्बमला मिळालेला निर्माता, मिश्रणासाठी दिलेले जास्तीचे सहा दिवस, रेकॉर्डची पहिली चाचणी प्रत दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात खरखरली म्हणून पुन्हा कापून घेतलेली तबकडी, हे स्वतःच्या बळावर आम्हाला जमले नसते. चांगली कंपनी पैशाइतकाच कान आणि धीर देते, आणि तो तुमच्या ए अँड आर विभागाने दिला. हिशेबातही कंपन्या मोठेपणा दाखवू शकतात. सोनी म्युझिकने २०२१ मध्ये, २००० पूर्वी करार केलेल्या पात्र कलाकारांच्या बाबतीत न फिटलेली बाकी बाजूला ठेवून रॉयल्टी द्यायला सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये वॉर्नर आणि युनिव्हर्सल यांनीही तसेच पाऊल उचलले. आम्ही बाकी माफ करा असे म्हणत नाही, फक्त करारात लिहिले आहे तेवढेच मागतो.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारित पत्रक आणि फरकाची रक्कम मिळावी. पत्रकासोबत मंचांकडून आलेल्या मूळ विक्री-नोंदी गाणे, देश आणि महिनावार द्याव्यात. बेरजेचा एकच कागद चालणार नाही. आयएसआरसी पूर्ववत करण्याचे काम मात्र ३० दिवस थांबू नये, ते सात दिवसांत सुरू करून तसे कळवावे. दुसऱ्या अल्बमची तारीख १५ दिवसांत लेखी द्यावी, अन्यथा त्याचे मास्टर, त्यांवर झालेल्या खर्चाच्या रकमेत, आम्हाला परत घेऊ द्यावेत. त्या रकमेवर बोलायला आम्ही तयार आहोत.

मुदतीत उत्तर न आल्यास करारातील तपासणीच्या कलमानुसार आमचे हिशेबतपासनीस तुमच्या वह्या पाहायला येतील. तफावत १० टक्क्यांहून जास्त निघाल्यास तपासणीचा खर्च कंपनीने द्यायचा आहे, याची नोंद घ्यावी. पत्रकावर आक्षेप घेण्याची करारातील मुदत चालू आहे आणि हे पत्र हाच आमचा लेखी आक्षेप समजावा.

आपले,
बँडचे चौघे सदस्य

सोबत : खुणा केलेले हिशेबपत्रक, जुन्या-नव्या आयएसआरसी क्रमांकांचा तक्ता, सत्रपत्रकाची प्रत, मास्टर सुपूर्द केल्याची पोच.