कॅरॅव्हॅनचा मुक्काम वाडीत हवा, सुरूच्या बनात नको

महोदय,

पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर अशी कॅरॅव्हॅनमधून सहल कशी करावी, हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि छायाचित्रेही देखणी आहेत. मात्र किनाऱ्यालगतच्या ज्या सुरूच्या बनात गाडी लावून रात्र काढल्याचे छायाचित्र छापले आहे, ते बन तिथे कशासाठी असते आणि 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात त्या पट्ट्यावर काय गुदरले, याचा लेखात कुठेही उल्लेख नाही. माझी सासुरवाडी श्रीवर्धन तालुक्यातली. शिवाय गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलाकडे ह्यूस्टनला गेलो असता, वादळांनी वारंवार धुऊन नेलेल्या तिथल्या किनाऱ्याने अशाच फिरत्या घरातून आठवडाभर प्रवास घडला. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेत या गाडीला आरव्ही म्हणतात. आमची भाड्याची गाडी पंचवीस फूट लांब होती. पहिला मुक्काम गॅल्व्हेस्टनला केला. 8 सप्टेंबर 1900 च्या वादळात या गावातली किमान सहा हजार माणसे दगावली. त्यानंतर गावाने समुद्राच्या बाजूला सतरा फूट उंचीची भिंत बांधली आणि एवढ्यावर न थांबता दोन हजारांहून अधिक इमारती जॅकने उचलून त्यांच्याखाली वाळू-पाण्याचा गाळ पंपाने भरला. सगळी हयात पाटबंधाऱ्यांच्या कामात गेलेल्या माझ्यासारख्याला त्या भिंतीवरून हलवत नव्हते. शेवटी सौभाग्यवतींनी चहा गार झाल्याची वर्दी दिली. तिथून सरकारी फेरीबोटीने, तीही फुकट, बोलिव्हार द्वीपकल्पावर उतरलो. 13 सप्टेंबर 2008 च्या आइक वादळात तिथले गिलख्रिस्ट हे गाव जवळजवळ पूर्ण वाहून गेले होते. आता तिथे दिसतात ती घरे उंच खांबांवर चढलेली, खाली मोटार आणि वर माणसे. पुढे हाय आयलंडपाशी किनाऱ्याचा 87 क्रमांकाचा रस्ताच संपतो. तो समुद्राने इतक्या वेळा खाल्ला की गेली तीसहून अधिक वर्षे बंद आहे, आणि सगळ्यांना आतल्या बाजूने वळसा घालावा लागतो.

लुइझियानातल्या हॉली बीचला मात्र मी थबकलो. 1957 मध्ये ऑड्री, 2005 मध्ये रीटा, 2008 मध्ये आइक आणि 27 ऑगस्ट 2020 रोजी ताशी 240 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी आलेले लॉरा, एवढी वादळे या टापूने सोसली. लॉराला सहा आठवडे होतात न होतात तोच डेल्टा नावाचे वादळ येऊन थडकले. आम्ही पाहिले तेव्हा एका सिमेंटच्या जोत्यावर घराच्या चार पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि पायऱ्यांच्या वर काहीच नव्हते. त्याच जोत्यावर एक जुनी आरव्ही उभी होती, शेजारी विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. त्यात राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले की खांबांवरचे घर आणि त्याचा विमा दोन्ही आपल्याला झेपत नाहीत, म्हणून वादळाची सूचना आली की हे घर घेऊन उत्तरेकडे निघून जायचे. आम्ही हौसेने भाड्याने घेतलेली वस्तू त्यांच्या संसाराचे छप्पर होती, हे कळल्यावर आमची गाडी त्यांच्या शेजारी लावताना संकोच वाटला.

आता आपल्याकडचे सांगतो. निसर्ग वादळाचे वारे ताशी 110 ते 120 किलोमीटर होते, म्हणजे लॉराच्या निम्मे. तेवढ्याने माझ्या मेहुण्यांची बारा गुंठ्यांची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. माड मुळासकट उपटले, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, कमरेतून मोडल्या, त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेल त्यांच्याबरोबर गेले, आणि विहिरीवरचा पंप दीड महिना विजेवाचून मुका राहिला. सरकारने फळबागांची भरपाई वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याचे स्वागत झाले; परंतु कोकणातली वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजतात. बारा गुंठ्यांना त्या हिशेबाने सहा हजार रुपये होतात आणि पडलेली झाडे तोडून, ओढून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक झाली. पोफळ लावल्यावर पीक हाती यायला सहा-सात वर्षे जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या नावावर ज्यांची घरे चालत होती, त्यांनी ही वर्षे कशी काढली हे पर्यटकाला कळण्याचे कारण नाही, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाडी पुन्हा हिरवीच दिसते.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. त्याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे मुक्कामाच्या जागेपुरते आहे. समुद्रावरून येणारा वारा आणि उडणारी वाळू प्रथम सुरूचे बन अंगावर घेते आणि मागच्या वाड्या वाचतात. निसर्गमध्ये त्यातलीही असंख्य झाडे पडली. जी राहिली किंवा नव्याने लावली, त्यांच्या मुळांवर चार-पाच टनांच्या गाड्या उभ्या करून तिथली वाळू दाबून टाकणे म्हणजे पुढच्या वादळाला वाट करून देणे आहे. त्याऐवजी ज्यांच्या वाडीतली झाडे गेली आणि जागा मोकळी पडली, अशा कुटुंबांना एक-दोन गाड्यांपुरते तळ करण्याची परवानगी, विजेची वेगळी जोडणी आणि त्यासाठी थोडे अर्थसाहाय्य द्यावे. रात्रीच्या भाड्याचा पैसा थेट वाडीत पडेल आणि जेवणाचा पैसाही तिथेच राहील.

यात एक अडचण आहे, आणि ती लेखात सुचवलेल्या शेकोटीइतकी चित्रमय नाही. अशा गाडीत संडासाची टाकी असते आणि ती दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. तिकडे बहुतेक तळांवर त्यासाठी जमिनीत झाकणाचे तोंड असते. जाड नळ त्याला जोडायचा, झडप उघडायची आणि नंतर नळ धुऊन काढायचा. हे काम मुलाकडे होते, सून दातांची डॉक्टर असल्यामुळे हातमोज्यांना तोटा नव्हता, तरीही पहिल्या दिवशी त्याने जेवण टाळले. कोकणात ही टाकी कुठे रिकामी होणार? किनाऱ्यालगतची जमीन वाळूची, विहिरी उथळ, आणि घरटी प्यायचे पाणी त्याच विहिरींचे. म्हणून तळाला परवानगी देण्यापूर्वी पक्क्या बांधणीची बंद टाकी आणि ती उपसून नेणारी तालुक्याची गाडी, या दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. त्यांचा खर्च गाडी भाड्याने देणाऱ्यांकडून वसूल झाला तर अधिक बरे. जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद रस्त्यांत पंचवीस फुटांची गाडी वळत नाही, त्यामुळे लांबीची मर्यादाही आताच ठरवावी.

मेहुण्यांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले: मे महिन्याच्या अखेरीस वादळाची सूचना आली, तर मुक्कामाला आलेला पाहुणा गाडी सुरू करून रातोरात पुण्याला पोचेल, त्या दिवसांचे भाडे आणि तळावर केलेला खर्च कोण देणार? धोरण राबवणाऱ्यांनी तळांच्या विम्याची तरतूद केली आहे का, याचा खुलासा संबंधित खात्याने आपल्या वृत्तपत्रातून करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे