आकड्यांनाही फेरफार नोंदवही हवी

महोदय,

सातबारावर नाव बदललं की फेरफार नोंदवहीत क्रमांक पडतो. कधी बदललं, कशामुळे बदललं, सगळं तिथे सापडतं. दहा गुंठ्यांसाठी आपण एवढी काळजी घेतो. पण ज्या आकड्यांवर गावाची फवारणी ठरते, ते कोणी कधी बदलले याचा कुठेच पत्ता नसतो.

मी आमच्या भागातल्या ९ गावांतल्या कपाशीतल्या कामगंध सापळ्यांची नोंद ठेवते. गंधाच्या वडीने, म्हणजे ल्यूरने, बोंडअळीचे नर पतंग त्यात ओढले जातात. एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं की गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी गाठली असं धरतात आणि आम्ही गावात निरोप देतो. मागच्या खरिपात आमच्यापैकी कोणीतरी एक्सेलमध्ये फक्त पतंगांचा रकाना चढत्या क्रमाने लावला. गावांची नावं जागेवर राहिली, आकडे सरकले. 'सापळे_अंतिम_२' या नावाने तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. निरोप भलत्याच गावाला गेला, तिथल्या लोकांनी उधारीवर औषध आणून फवारलं. ज्यांना तो हवा होता त्यांच्यातले एक काका आठवड्याने आले, ओंजळभर डोमकळ्या (अळी लागून नीट न उमललेली फुलं) माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "पोरी, तुनं तं काहीच सांगतलं नाही." चूक कोणत्या दिवशी शिरली, हेही मला त्यांना सांगता आलं नाही.

आता आम्ही गिट वापरतो. फाइलमधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला ते टिपून ठेवणारं हे सॉफ्टवेअर. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते तयार केलं. ते मोफत आहे आणि नोंद करायला नेट लागत नाही, आमच्यासाठी हे फार मोठं. रोज संध्याकाळी आकडे भरले की मी सोबत एक ओळ लिहिते: 'सापळा ७, ल्यूर आज बदलला.' जुनी ओळ वजा चिन्हासह, नवी अधिक चिन्हासह समोर येते. रकाना सरकला तर त्याच संध्याकाळी बदललेल्या ओळींची रांगच दिसेल. एक्सेलची फाइल तशीच ठेवली तर मात्र हा फरक वाचता येत नाही. ती सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करावी लागते, तीही देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये, नाहीतर गावांच्या नावांची प्रश्नचिन्हं होतात. आणि शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर त्यात टाकूच नयेत, नंतर खोडले तरी जुन्या नोंदीत ते राहतात.

कृषी पदवीला आम्ही संख्याशास्त्र शिकलो, आकडे सांभाळायला शिकलो नाही. विदर्भातल्या कृषी महाविद्यालयांनी निदान 'रावे'साठी, म्हणजे पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात येणाऱ्या मुलांना हे शिकवून पाठवावं. आमच्याकडे येणाऱ्यांना दोन दुपारी बसून शिकवायला मी तयार आहे. फक्त पऱ्हाटी (कपाशी) ४५ दिवसांची व्हायच्या आत यावं, मग सापळ्यांची धावपळ सुरू होते.

– शेतकरी गटाची एक कार्यकर्ती, ता. घाटंजी, जि. यवतमाळ