अमेरिकेच्या नोटेवरचा देव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कचेऱ्यांतील देवांच्या तसबिरींबद्दल आपल्या पत्रस्तंभात आलेले एका वाचकाचे पत्र वाचले. सध्या मुलीकडे कोलंबसला, म्हणजे ओहायो राज्याच्या राजधानीत आहे, त्यामुळे पेपर मोबाइलवर वाचावा लागतो. पत्रलेखकांचे म्हणणे असे की, अमेरिकेसारखा पुढारलेला देश नोटेवर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ असे खुशाल छापतो, मग आमच्या तहसील कचेरीत गणपतीची तसबीर असली तर कोणाच्या पोटात का दुखावे?

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी माळकरी आहे. एकादशी चुकत नाही, आणि इथेही सकाळी हरिपाठ होतो. नोकरी सारी कोषागारात झाली, त्यामुळे नोटा, नाणी आणि मुद्रांक यांचे वेड अजून सुटलेले नाही. ज्या नोटेचा दाखला दिला आहे, तिचा इतिहास मात्र पत्रलेखकांच्या बाजूने साक्ष देत नाही.

1782 मध्ये त्या देशाची राजमुद्रा ठरली तेव्हा तिच्या दर्शनी बाजूवर लॅटिनमध्ये ‘अनेकांतून एक’ एवढेच घातले. (मागच्या बाजूला एक दैवी डोळा आहे, तो मी लपवत नाही.) त्यांच्या राज्यघटनेत देवाला आवाहन नाही. 1791 च्या पहिल्या दुरुस्तीने तर कोणताही धर्म सरकारी म्हणून स्थापन करणारा कायदा करायलाच मनाई केली. देव नाण्यावर आला तो यादवी युद्ध पेटल्यावर. 1861 मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका पाद्रीबुवांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिले की, आपल्या नाण्यांवर देवाची ओळख कुठेच दिसत नाही. मंत्र्यांनी टांकसाळीला कळवले आणि 1864 च्या दोन सेंटच्या नाण्यावर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे शब्द उमटले. कागदी नोटेवर यायला आणखी बराच काळ गेला. 1955 मध्ये कायदा झाला, 1956 मध्ये ते राष्ट्राचे अधिकृत ब्रीद ठरले आणि 1957 मध्ये ते छापलेली एक डॉलरची नोट लोकांच्या हातात पडली. समोर ‘निरीश्वरवादी’ सोव्हिएत रशिया उभा होता, त्याला दाखवायला हे होते. दोन महायुद्धे अमेरिकेने ज्या नोटांवर लढली, त्यांवर देव नव्हता.

मधल्या काळातला एक किस्सा मला फार आवडतो. 1907 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सोन्याची नवी नाणी काढली आणि त्यांवरून हे वाक्य मुद्दाम वगळले. गडी नास्तिक नव्हता. त्याचे म्हणणे असे की, पैशावर देवाचे नाव घातल्याने भक्ती वाढत नाही, लोक त्यावर विनोद करतात आणि देवाची विटंबना होते. न्यायमंदिरावर किंवा स्मारकावर ते वाक्य कोरायला त्याची हरकत नव्हती, हेही सांगून टाकतो. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते वाक्य परत आणले.

पुढे कोर्टात जे झाले ते आपल्या भाविकांनी मुद्दाम वाचावे. कॅलिफोर्नियातील एका माणसाने या ब्रीदाविरुद्ध दाद मागितली. 1970 मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. कारण काय, तर हे वाक्य देशभक्तीचे आणि समारंभापुरते आहे, धर्माच्या स्थापनेशी त्याचा काही संबंध नाही. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एका भिन्नमतात लिहिले की, अशी वाक्ये घोकून घोकून त्यांतला धार्मिक अर्थ बहुतेक निघूनच गेला आहे. म्हणजे देवाला नोटेवर राहू दिले ते कोणत्या अटीवर? तिथे लिहिलेला देव हा खरा देव नाही, या अटीवर. पत्रलेखकांना आपल्या गणपतीसाठी असा निकाल चालेल का? मला माझ्या पांडुरंगासाठी चालणार नाही.

आता मी जिथे बसून हे लिहितो आहे तिथली गोष्ट. ओहायोचे राज्यब्रीद आहे ‘देवाला सारे शक्य आहे’. सिनसिनाटीतल्या एका शाळकरी मुलाने ते सुचवले आणि 1959 मध्ये ते कायद्याने ठरले. हे वाक्य मत्तयाच्या शुभवर्तमानातले, थेट येशूच्या तोंडचे. त्याच्या आधी सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाचा आणि स्वर्गात जाऊ पाहणाऱ्या श्रीमंताचा दृष्टांत आहे. कोषागारात हयात गेलेल्या माणसाला खरे तर तोच भाग अधिक भावतो, पण तो सरकारने घेतलेला नाही. 1996 मध्ये इथले गव्हर्नर जॉर्ज व्होइनोव्हिच भारत दौऱ्यावर गेले होते. तिथे त्यांना सरकारी इमारतीवर ‘सरकारी काम हे देवाचे काम’ असे लिहिलेले दिसले. बेंगळुरूच्या विधानसौधावरची ही ओळ आपल्याकडच्या अनेकांनी पाहिली असेल. गव्हर्नरसाहेब भारावले आणि परत येऊन त्यांनी आपल्या विधानभवनाच्या आवारात राज्याचे ब्रीद बसवायचे ठरवले. आमच्या कोल्हापूरहून बेळगाव ओलांडून सरळ गेले की लागणाऱ्या गावातली ओळ इथे कोलंबसमध्ये कोर्टकज्जाला कारण झाली, हे कळल्यावर मी ती जागा बघायला गेलो. हाय स्ट्रीटच्या बाजूला, माजी अध्यक्ष मॅकिन्लींच्या पुतळ्यापाशी, पटांगणाच्या फरशीतच राजमुद्रा आणि ती अक्षरे आहेत. लोक त्यांच्यावरून बूट घालून जातात. माझा पाय काही पडला नाही, मी कडेने वळसा घातला. मुलगी हसली.

1997 मध्ये या ब्रीदाविरुद्ध दावा झाला. वादींमध्ये नागरी हक्कांची संघटना होतीच, पण एक ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते. ज्यांच्या धर्मग्रंथातले वाक्य तेच तक्रार करतात, हे आपल्याकडे कोणाला पटणार नाही. खालच्या न्यायालयाने वाक्य राहू दिले, मात्र ते बायबलमधले आहे असा उल्लेख करायचा नाही, असे बजावले. 2000 मध्ये अपिलात तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मताने ते घटनाबाह्य ठरवले. 2001 मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने नऊ विरुद्ध चार मतांनी ते पुन्हा वैध केले. अक्षरे आज जागेवर आहेत.

विधानसौधावरची ओळ मला समजते. सावता माळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्याला ती कोणी समजावून सांगायला नको. पण सावतोबांनी ते स्वतःच्या मळ्यात, स्वतःपुरते मानले. मळ्याच्या फाटकावर पाटी लावून येणाऱ्याजाणाऱ्याकडून वदवून घेतले नाही. आणि ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ म्हणणाऱ्या जनतेसमोर सरकारी काम देवाचे आहे असे लिहायचे, तर त्यात देवाचीच बदनामी जास्त.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वीच निघाला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी दुरुस्ती मांडली. सभागृहात देव मानणारेच बहुसंख्य होते. तरी पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवले की, देवावर मत द्यायच्या संकटात आम्हाला टाकू नका. हृदयनाथ कुंझरूंनीही विरोध केला. अखेर मतदान झालेच. बाजूने 41, विरुद्ध 68. शपथेचा प्रश्न मात्र त्यांनी किती शहाणपणाने सोडवला पाहा. मंत्र्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करावी, निवड त्याची.

आमच्या कोषागारात खंडेनवमीला पूजा व्हायची. तिजोरी, टंकलेखन यंत्रे, पुढे संगणक, सगळ्यांना झेंडूची माळ. वर्गणी माझ्याकडे जमायची. आमचे एक बौद्ध लेखापाल वर्गणी न चुकता द्यायचे आणि आरतीच्या वेळेला नेमके चलनांची फाइल घेऊन बँकेत जायचे. त्यांना कधी कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. साहेबांच्या गोपनीय अहवालाची धास्ती प्रत्येकालाच असते, त्यामुळे खुशीने दिलेली वर्गणी आणि धाकाने दिलेली वर्गणी पावतीवर सारखीच दिसते. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, तर त्याची वरची वेतनश्रेणी अडकली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ती मोकळी झाली. आमच्या लेखापालांच्या अंगात कोर्टात जाण्याचे त्राण नव्हते आणि तशी गरजही पडायला नको.

तसबिरी उतरवण्याची मोहीम काढा, असे मी म्हणत नाही. तिच्यातून दंगाच होईल. टेबलाच्या काचेखाली ज्याने त्याने आपला देव ठेवावा, मीही विठोबा ठेवला होता. भिंत मात्र सरकारची, म्हणजे समोर रांगेत उभे असलेल्या सगळ्यांची. त्या भिंतीवर काय लावायचे हे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने सांगून ठेवले आहे: कोणती सेवा, किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे. त्या कायद्याखालच्या आयोगाचे ब्रीदही आहे, ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’. पत्रलेखकांनी आपल्या तहसील कचेरीत हा फलक कुठे आहे, कपाटामागे गेला आहे की काय, आणि त्यावरच्या अधिकाऱ्याचे नाव बदलीनंतर बदलले आहे का, ते पाहून याच स्तंभात कळवावे.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी, कोल्हापूर
(सध्या मुक्काम कोलंबस, ओहायो)